डबा, तार आणि अब्बांचे कान

भाच्याने गेल्या वर्षी एक जुनी हॅचबॅक घेतली. हप्ते अजून चालू आहेत, पण पहिल्याच महिन्यात त्याला डिकीत सबवूफर बसवायचा होता. जुम्याच्या नमाजनंतर घरी आला, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “मामू, सील्ड लूं के पोर्टेड?”

मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. बी.एड.ला शैक्षणिक साधनांच्या पेपरात रेडिओवर दोन पानं लिहिली होती, तेवढाच माझा या विषयाशी संबंध. पण मामूला सगळं येतं हा त्याचा लहानपणापासूनचा गैरसमज मोडवेना. म्हटलं, वाचून सांगतो. वाचायला बसलो आणि इतिहासात असा अडकलो की तो बिचारा तीन शुक्रवार थांबला.

शुक्रवारचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या मालेगावात लूमला सुट्टी शुक्रवारी असते. बाकीचे दिवस खटखट चालूच. गावाबाहेरच्या पाहुण्यांना आम्ही सगळे ओरडून बोलतो असं वाटतं, ते खरंच आहे. अब्बांनी चाळीस वर्षं लूमवर काढली. त्यांच्या कानांचं जे झालं ते झालं. त्याच्याकडे शेवटी येतोच.

आधी डबा. स्पीकरला डबा लागतो तरी कशाला? मी भाच्यासमोर एक प्रयोग केला. जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला स्पीकर हातात धरून वाजवला, तर आवाज नुसता चिरका. तोच अम्मीच्या तांदळाच्या रिकाम्या डब्याच्या तोंडावर दाबून धरला आणि ढोलक्याची थाप एकदम खोलीत आली. भाचा हसायला लागला. अम्मी मात्र डबा परत मागत होती.

कारण सोपं आहे. स्पीकरचा कागदी शंकू पुढची हवा ढकलतो त्याच क्षणी मागची हवा ओढतो. पुढे दाब, मागे पोकळी. जाड आवाजाच्या लहरी लांबीला काही मीटर असतात. त्या सहज कडेने वळून मागे जातात आणि दाब-पोकळी एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक आवाजाच्या लहरी आखूड, त्या वळायच्या आत कानाशी पोचतात. म्हणून उघडा स्पीकर चिरका. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला, तेव्हाच त्यांना हे ठाऊक होतं की शंकूच्या पुढच्या आणि मागच्या हवेमध्ये भिंत हवी. लाकडी फळी लावा, पेटी करा, नाहीतर सरळ घराच्या भिंतीत भोक पाडून स्पीकर बसवा. पुढची कित्येक वर्षं शौकीन लोक हेच करत होते. ज्यांना जाड आवाज हवा त्यांच्या दिवाणखान्यात कपाटाएवढी पेटी उभी असायची.

आपल्याकडे मात्र लाउडस्पीकर पेटीतून आला नाही, भोंग्यातून आला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात १९१५ साली जो मोठ्या आवाजाचा यंत्रभोंगा करून दाखवला, त्याला त्यांनी मॅग्नाव्हॉक्स म्हटलं, म्हणजे मोठा आवाज. भोंग्याचं वैशिष्ट्य हे की थोड्या विजेत तो आवाज फार दूर नेतो. जाड सूर त्याला जमत नाहीत, त्यासाठी भोंगा खोलीएवढा करावा लागेल. पण माणसाच्या बोलण्याला जाड सुरांची गरज फारशी नसते. भाषण, घोषणा, अजान यांना भोंगा पुरतो. म्हणून सभांत भोंगे आले, मशिदींत आले, मंदिरांत आले.

इथे एक जुनी चर्चा आठवते, जी आता कुणी सांगत नाही. लाउडस्पीकर नवा होता तेव्हा देवबंदच्या उलमांपुढे प्रश्न आला की नमाजमध्ये इमामचा आवाज या यंत्रातून आला तर मागच्या रांगांनी त्यावर रुकू-सजदा करावा का? भोंग्यातून येतो तो इमामचाच आवाज, की विजेने तयार केलेली त्याची नक्कल? नक्कल असेल तर मुक्तदी इमामच्या मागे नाहीत, यंत्राच्या मागे आहेत. सुरुवातीला मत विरोधात होतं. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी पुढे यावर सविस्तर लिहिलं, विज्ञानाच्या जाणकारांकडून माहिती मागवली आणि आधीचं कडक मत बदललं. उर्दूत या यंत्राचं नाव ‘आलाए मुकब्बिरुस्सौत’, आवाज मोठा करणारं साधन. काही मित्र हा किस्सा मौलवींच्या मागासलेपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात मागासलेपण दिसत नाही. स्पीकरमधून येणारा आवाज मूळचा की दुसरा, हा भौतिकशास्त्राचाही रास्त प्रश्न आहे. आणि माहिती मिळाल्यावर लेखी मत बदलणं आज तर फारच दुर्मीळ झालंय. आता आमच्याकडे जुलूसमध्ये डीजे येतो तेव्हा असा प्रश्न कुणी विचारतही नाही.

पोर्टेड डब्याकडे येतो. पोर्टेड म्हणजे ज्या पेटीला एक नळी किंवा फट ठेवलेली असते. बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थ्युरस यांनी १९३० मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज केला, १९३२ ला ते मिळालं. त्यामागचं तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचं, एकोणिसाव्या शतकातलं, आणि वस्तू तर आपल्या घरातली आहे: मटका. रिकाम्या मटक्याच्या तोंडावर फुंकर घातली की तो एकाच ठरावीक सुरात घुमतो. पोटातली हवा स्प्रिंग, गळ्यातली हवा वजन. पोट मोठं तर सूर खाली, गळा रुंद तर सूर वर. थ्युरस यांनी स्पीकरच्या मागच्या वाया जाणाऱ्या आवाजाने हा मटका घुमवला. नळीतून बाहेर पडणारी हवा त्या सुराच्या आसपास शंकूच्या पुढच्या हवेला साथ देते. विजेचा खर्च तोच, जाड आवाज जास्त.

गंमत म्हणजे मटक्याचा उलटा उपयोग आपल्या लोकांनी आधीच केला होता. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत, जी मिमार सिनान यांनी १५५७ मध्ये पूर्ण केली, घुमटाच्या आत मातीची मडकी चिणलेली आहेत, तोंडं आतल्या बाजूला. एवढ्या मोठ्या घुमटाखाली आवाज घुमत राहतो, किरअत कळत नाही. मडकी तो घुमारा सौम्य करतात. भाच्याच्या डिकीत घुमवण्यासाठी मटका, सिनानच्या घुमटात घुमणं थांबवण्यासाठी मटका. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, “म्हणजे पोर्टेडच घेऊ ना?”

थांब म्हटलं. कारण आता ज्या माणसाची गोष्ट येते त्याने मला खरं तर तीन शुक्रवार घरात बसवलं.

एडगर व्हिलचर, जन्म १९१७, न्यूयॉर्क. शिक्षण कलेचं. इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या महायुद्धात लष्करात शिकला. युद्धानंतर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि रात्री न्यूयॉर्क विद्यापीठात आवाजाच्या यंत्रांवर वर्ग घेऊ लागला. म्हणजे शिक्षकच. (आमच्या बिरादरीतला, म्हणून जरा कौतुक जास्त.) त्याच्या डोक्यात एक शंका होती. स्पीकरचा शंकू कडेने कागद-कापडाच्या ताठ पट्टीवर अडकवलेला असतो. तीच त्याची स्प्रिंग. पण ही स्प्रिंग बेइमान असते. थोडं ढकललं तर थोडी, जास्त ढकललं तर हिशेबाबाहेर ओढते. आवाज बिघडतो तो इथे. व्हिलचर म्हणाला, ही पट्टी इतकी सैल करा की ती स्प्रिंग राहणारच नाही. मग शंकूला जागेवर कोण आणणार? बंद पेटीत कोंडलेली हवा. हवेची स्प्रिंग कागदापेक्षा कितीतरी सरळ वागते. आणि पेटी लहान असली तरच हवा स्प्रिंगचं काम करते, म्हणजे कपाटाएवढी पेटी लागतच नाही.

नमुना बनवताना त्याने एक स्वस्त बारा इंची स्पीकर घेतला आणि त्याची ताठ कड कापून टाकली. नवी सैल कड शिवली त्याच्या बायकोने, रोझमेरीने, गादीच्या खोळीचं कापड कापून. हे वाचलं तेव्हा मी उठून अब्बांना सांगायला गेलो होतो. जगातल्या छोट्या पेटीतल्या जाड आवाजाची सुरुवात गादीपाटाच्या कापडावर झाली, आणि आमच्या घरात चार पिढ्या कापड विणत आल्या. अब्बांनी विचारलं, “कौनसा कपडा?” मी ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकू आलं नव्हतं.

व्हिलचर ही कल्पना घेऊन दोन नावाजलेल्या कंपन्यांकडे गेला. त्यांनी हाकलून दिलं, असं होऊ शकत असतं तर आमच्या इंजिनिअरांनी केलं नसतं का, अशा थाटात. मग त्याने वर्गातल्याच एका विद्यार्थ्याला, हेन्री क्लॉसला, बरोबर घेतलं आणि १९५४ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पहिला स्पीकर एआर-१. कपाट गेलं, फळीवर मावणारी पेटी आली. आज गाडीच्या डिकीत जो सील्ड डबा बसतो तो या पेटीचा नातू. पेटंट मिळालं, पण पुढे कोर्टात टिकलं नाही, कारण हॅरी ओल्सन यांचं त्या आधीचं पेटंट पुढे आलं.

पण छोट्या पेटीची किंमत कुठेतरी चुकवावीच लागते. क्लॉस १९५७ मध्ये वेगळा झाला आणि त्याने केएलएच नावाची कंपनी काढली. त्यातला ‘एच’ म्हणजे जे. अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा. (या पियानोवादकाने मोटारगाडीच्या हवेच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचंही पेटंट घेतलं होतं. हवेची स्प्रिंग त्या घराला नवी नव्हती.) हॉफमनचा ‘लोखंडी नियम’ असा: खोल बास, छोटी पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतील. पेटी छोटी ठेवून बास खोल हवा असेल तर वीज ओता. पुढे नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ मध्ये पोर्टेड पेटीचं सगळं गणित एका निबंधात बसवलं. तो निबंध दहा वर्षं जवळपास कुणी वाचला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापला गेला आणि सिडनीत संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉलने तो पुढे नेला, तेव्हा जगाला कळलं की पेटी अंदाजाने नव्हे, आकडेमोडीने बनवता येते. आजही सबवूफरच्या खोक्यात मिळणाऱ्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे जे आकडे असतात ते या दोघांचे. भाच्याच्या मिस्त्रीने तो कागद खोक्यासकट फेकून दिला होता. कचऱ्यातून काढला.

त्या कागदावरून निर्णय सोपा झाला. एफएसला क्यूईएसने भागायचं. उत्तर पन्नासच्या आसपास किंवा खाली आलं तर सील्ड, शंभराच्या जवळ गेलं तर पोर्टेड. आमचं त्रेचाळीस आलं. शिवाय गाडीची गोष्ट घरापेक्षा वेगळी. सील्ड डब्याचा आवाज खाली उतरताना दर सप्तकाला १२ डेसिबलने कमी होतो, आणि छोट्या गाडीची बंद केबिन अगदी खालच्या सुरांना साधारण त्याच प्रमाणात वर उचलते. दोन्ही मिळून जवळजवळ सपाट. पोर्टेड डबा बारा इंची स्पीकरला साधारण दोन घनफूट मागतो, सील्ड एका घनफुटात भागतो. पोर्टेडचा आवाज मोठा हे खरं, पण त्याच्या ठरलेल्या सुराखाली गेलात की शंकूला आवरायला हवाच उरत नाही, तो फडफडतो आणि एक दिवस फाटतो. आणि डिकीत अम्मीची व्हीलचेअरही बसवायची असते. दहा इंची स्पीकर, सील्ड, वीस लिटरचा डबा, १८ मिलिमीटरचं एमडीएफ, सांध्यांना फेव्हिकॉल आणि आतून सिलिकॉन. आत उशीतला पॉलिस्टरचा कापूस सैल भरला, त्याने डबा आहे त्यापेक्षा थोडा मोठा असल्यासारखा वागतो. झाल्यावर शंकू हाताने हळूच दाबून सोडला. सावकाश वर आला, म्हणजे डबा गळत नाही.

मग तार. इथे भाच्याचं आणि माझं भांडण झालं.

गाडीत आवाज आणण्याचा इतिहास म्हणजे मुळात बॅटरीशी झटापट. पॉल गॅल्विन यांनी १९३० मध्ये आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून तो रेडिओवाल्यांच्या अधिवेशनापर्यंत चालवत नेला. त्याला नाव दिलं मोटोरोला. तेव्हा गाडीची बॅटरी ६ व्होल्टची होती. व्होल्ट निम्मे तर त्याच कामाला अँपिअर दुप्पट, आणि तारेतलं नुकसान चौपट. १९५० च्या दशकात मोटारी १२ व्होल्टवर आल्या तेव्हा जरा सुटका झाली. पण १२ व्होल्टही कमीच. भाच्याचा अ‍ॅम्प्लिफायर ५०० वॅटचा. घरातल्या २३० व्होल्टवर तो तीन अँपिअरसुद्धा घेणार नाही, इस्त्रीपेक्षा कमी. गाडीत तोच जवळपास ४५ अँपिअर ओढतो. हॉफमनच्या नियमातलं “वीज ओता” इथे अंगावर येतं. छोटा डबा निवडला त्याच क्षणी जाड तार निवडली गेली होती.

इलेक्ट्रिशियनने घरच्या गीझरची उरलेली ४ चौरस मिलिमीटरची तार आणली होती. “तांब्याची आहे, फुकटची आहे,” भाचा म्हणाला. मी कागदावर मांडून दाखवलं. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर, ४५ अँपिअर. त्या तारेत जवळजवळ एक व्होल्ट गळतो आणि चाळीसेक वॅटची उष्णता गालिच्याखाली तापत राहते. २१ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती ०.२ व्होल्टच्या आत. बाजारात स्वस्त किट मिळतात ती बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असतात. दिसायला जाड, पण रोध तांब्याच्या दीडपट. ती घ्यायचीच असेल तर एक माप वरची घ्यावी. भाच्याने तोंड पाडून अस्सल तांब्याची घेतली.

फ्यूजचं तर त्याला पटतच नव्हतं. “अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे ना फ्यूज!” सगळ्यांची हीच समजूत असते. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. पाच मीटर तार इंजिनमागच्या पत्र्यातून, सीटच्या लोखंडाजवळून जाते. कुठेही घासून उघडी पडली की बॅटरी सरळ बॉडीशी जोडली जाते आणि शेकडो अँपिअर सोडते. डिकीतला फ्यूज तेव्हा बघत बसतो. नात्यातल्या एकाची टॅक्सी अशीच उभ्या उभ्या पेटली होती. आत माणूस नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. म्हणून फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत, आणि पत्र्याच्या भोकात रबरी बुच. निगेटिव्ह तार डिकीतच, जितकी आखूड तितकी चांगली, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने. आवाजाची तार आणि विजेची तार गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमध्ये शिट्टी वाजते. स्पीकरला ४ ओहमच्या दोन कॉइल होत्या. समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापाठोपाठ जोडल्या तर ८. अ‍ॅम्प्लिफायर २ ओहम झेलणारा होता, समांतर जोडल्या.

आता व्हिलचरचा उरलेला भाग. १९६७ मध्ये त्याने आपली कंपनी विकली. वय पन्नास. स्पीकर पुन्हा बनवले नाहीत. वुडस्टॉकला घरी प्रयोगशाळा थाटून तो बहिऱ्या माणसांच्या मागे लागला.

अब्बांचा कान मी या माणसाचं लिखाण वाचून पहिल्यांदा समजून घेतला. लूमच्या शेडमध्ये आवाज नव्वद ते शंभर डेसिबल असतो. ८५ च्या वर आठ तास रोज, कान हळूहळू मरतो, आणि आधी मरतात ते ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक सूर. स, श, फ, ख ही अक्षरं तिथेच राहतात. जाड सूर शेवटपर्यंत शाबूत. म्हणून अब्बांना कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि दुसरा छळ असा, हळू बोललं तर ऐकू येत नाही, जरा जोरात बोललं तर चिडतात, “चिल्लाता काय को है?” आम्हाला वाटायचं स्वभाव झालाय. व्हिलचरने दाखवलं की हा कानाचा गुणधर्म आहे. अशा कानाला हळू आवाज पोचतच नाही, पण मोठा आवाज सर्वांइतकाच मोठा लागतो. जुनी मशीन सगळंच सारखं मोठं करायची. हळू बोलणं कळायला लागलं की दारावरची थाप गोळीसारखी लागायची. म्हणून म्हातारे मशीन खिशात ठेवायचे. व्हिलचरने जाड आणि बारीक सूर वेगळे केले आणि प्रत्येक भागात हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा आवाज कमी, अशी पद्धत १९७३ मध्ये छापून टाकली. या वेळी त्याने पेटंट घेतलंच नाही. आज ज्या श्रवणयंत्रांत असे वेगवेगळे भाग असतात, ती सगळी त्या रस्त्याने आली. तो २०११ मध्ये वारला.

अब्बांना तशी मशीन आम्ही या वर्षी घेतली, दोन भावांनी आणि आपाने मिळून. सबवूफरच्या कितीतरी पट किंमत.

चौथ्या शुक्रवारी भाचा गाडी घेऊन दाराशी आला. अब्बांना पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या. अब्बांनी दोन्ही कानांतून मशीन काढून कुर्त्याच्या खिशात ठेवली आणि डॅशबोर्डवर हात ठेवला. भाच्याने वाजवलं. थोडा वेळ ते तसेच बसले, हात न हलवता. मग म्हणाले, “ये तो बगैर मशीन के भी आती है. कितने लूम का है?”

भाच्याने आवाज बंद केला आणि काहीतरी सांगू लागला. अब्बांनी त्याला हाताने थांबवलं, खिशातून मशीन काढली, आधी उजवी, मग डावी, नीट बसवली. “हां,” म्हणाले, “अब बोल.”